अनिताच्या नावाचं रक्त

पोरांनो, जरा डोळे मिटा आणि एक खळं मनात आणा. खळं म्हणजे शेतातच जमीन चोपून, शेणाने सारवून केलेलं अंगण. तुमच्यातल्या कित्येकांनी ते पाहिलंही नसेल. टोकावड्याच्या त्या रस्त्याला आता ढाबे झालेत, तारेची कुंपणं झालीत आणि भात यंत्रातून निघतं. पण सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षात देवराम आबांचं खळं तिथे होतं. एका बाजूला भाऱ्यांची उडवी, घराच्या कौलांपेक्षा उंच. मधोमध आडवा टाकलेला ओंडका. त्यावर भारा आपटला की दाणे सरसर पसरायचे, अंगाला तूस चिकटून खाज सुटायची आणि उन्हात तापलेल्या पेंढ्याचा गोडसर वास नाकात भरायचा. तो वास आला का? आला असेल तर त्याच पेंढ्यावर पालथी पडलेली आठ वर्षांची मुलगी तुम्हाला दिसेल. तिच्यापुढे पाटी आहे, पण ती लिहीत नाहीये. रडकुंडीला आली आहे.

ती नम्रता. घरात सगळे तिला नमी म्हणत.

"आये, माझी पेन्सिल परत गेली."

गिरजा डोक्यावर भारा घेऊन उडवीकडून येत होती. तिने तो ओंडक्याजवळ टाकला, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. "पडली असंल कुठं तरी."

"पडली नाय. कालच दुकानातून आनली. दप्तरात अर्धाच तुकडा हाय. गुरुजी मारतात गो."

"उंदरानं खाल्ली असंल."

"उंदीर पेन्सिल खातो?"

"खातो," गिरजा म्हणाली आणि दुसऱ्या भाऱ्याकडे वळली. "खावंसं वाटलं का काय पण खातो."

ही गिरजा म्हणजे देवराम आबांची थोरली सून. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, पुढच्याच वर्षी सासू गेली, आणि तेव्हापासून घराची चूल तिच्याच हातात. अंगाने रुंद, रंगाने काळीसावळी, आवाज खणखणीत. खळ्यावर तिचा हात पुरुषांच्या बरोबरीने चालायचा. आधी पुरुषमाणसं जेवत, मग पोरं, मग धाकटी जाऊ, आणि सगळ्यांचं उरकलं की गिरजा टोपाला चिकटलेला भात खरवडून घ्यायची, वरून कपभर कोरा चहा. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. तिनेच सुरू केलं आणि मग ते तसंच चालत राहिलं.

धाकटी जाऊ अनिता अगदी उलट. आटगावची, रेल्वेच्या बाजूची. गोरीपान, शिडशिडीत, बोलायला हळू. लग्नाला तीन वर्षं झाली तरी गावातल्या बाया तिला पाहून म्हणायच्या, "या पोरीच्या अंगात रगत हाय का नाय?" नवरा ज्ञानेश्वर मुरबाडच्या एमआयडीसीत जायचा, त्यामुळे दिवसभर तिला गिरजाच. गिरजाने तिला भाकरी थापायला शिकवलं, विहिरीवर कुणाशी किती बोलायचं तेही शिकवलं. तिला ती आक्का म्हणायची आणि सावलीसारखी मागे असायची.

त्याच आठवड्यात अनिता खळ्यावर चक्कर येऊन पडली. मार्गशीर्षातला गुरुवार, तिचा कडक उपास, वर दुपारचं ऊन. गिरजाने तोंडावर पाणी मारलं, गुळाचा खडा दिला आणि ती उठून बसली. खरं म्हणजे तिथेच संपायचं. पण किन्हवलीकडे जाणारा एक जीपवाला त्या वेळी रस्त्याला उभा होता. त्याने ते पाहिलं आणि बातमी आटगावला पोचली.

शनिवारी अनिताचा थोरला भाऊ धर्मा दारात उभा.

"आबा, राग मानू नका," तो बसायच्या आधीच म्हणाला, "पण आमची बहीण काय तुमच्याकडं भारे उचलायला दिली नाय. खायला घालता का नाय तिला?"

बांधावरच्या आंब्याचं भांडण मिटल्यापासून देवराम आबांच्या दारात इतक्या चढ्या आवाजात कोणी बोललं नव्हतं. आबांनी चिलीम बाजूला ठेवली.

"पावणं, बसा आधी. पाणी घ्या."

"पाणी नको. तिचा चेहरा बघा, कागदासारखा पांढरा झालाय. माहेराहून निघाली तेव्हा अशी होती?"

"अशीच होती," धाऊ मागून म्हणाला. धाऊ म्हणजे आबांचा थोरला मुलगा, गिरजाचा नवरा, नमीचा बाप. "आमी काय रंग पुसला तिचा?"

"दादा, तू गप," ज्ञानेश्वर म्हणाला.

"मी का गप? उपास तिनं केला, ऊन देवानं पाडलं, आन बोल आमाला?"

आबांनी हात वर केला. त्यांचा हात वर गेला की घर शांत व्हायचं. "धर्मा, तुझं मन सांगतं पोरीला रगत नाय. माझं मन सांगतं पोर बरी हाय. तुझं नको, माझं नको. रगतालाच विचारू. मुरबाडला तपासून आना. कमी निघालं तर तू बहिणीला घेऊन जा, मी अडवणार नाय, आन आमचं चुकलं असं चारचौघांत बोलीन. बरोबर निघालं तर या दारात पुन्हा असं बोलायचं नाय."

"कधीपर्यंत घेऊन जाऊ?"

"तुमाला पाठवावंसं वाटंल तोपर्यंत."

हे ऐकून दाराआडची अनिता भिंतीला टेकली. नमी तिच्या शेजारीच होती. काकीचा हात तिने धरला, तो थंडगार होता.

"काकी, तू जानार?"

आबांचा शब्द दिला गेला होता, आणि त्या घरात दिलेला शब्द कधी परत आला नव्हता.

सोमवारी सगळे मुरबाडला गेले. जीपमध्ये पुढे ज्ञानेश्वर आणि धर्मा, एकमेकांकडे पाठ करून. मागे गिरजा, अनिता आणि त्यांच्यामध्ये नमी. तिला न्यायचं कारण नव्हतं, पण मुरबाडला नवी पेन्सिल मिळेल म्हणून ती हट्ट धरून बसली होती.

रक्त तपासण्याची जागा बाजाराच्या मागच्या बोळात होती. बाहेर पुरुषांचं बाकडं, आत पडदा, पडद्याआड बायकांचं बाकडं. ज्ञानेश्वर बाहेर बसला. तो आत जाऊन डॉक्टरांना काही सांगेल म्हणून धर्माही बाहेर बसला. धर्मा आत जाईल म्हणून ज्ञानेश्वर चहालाही उठेना. दोघांचं एकमेकांवर एवढं लक्ष, की बायकांवर कोणाचंच राहिलं नाही.

पडद्याआड अनिता गिरजाच्या कानाशी लागली. "आक्का, माझं रक्त कमीच निघंल. मला ठावं हाय. सगळी बोलतात. मला नाय जायाचं. तिकडं भावजय एक घास सुखानं गिळू देत नाय. एकदा नेलं तर हा धर्मादादा परत पाठवायचा नाय."

"रडू नको. काय करू मग?"

"तुमी द्या माझ्याऐवजी."

"येडी हायस का?"

"तुमचं रक्त लालभडक असंल आक्का. दोन दोन भारे उचलता. नाव माझं सांगायचं. कोन वळखतं इथं?"

गिरजा हसली. तिला ते पोरखेळासारखं वाटलं असावं. आणि मनात कुठे तरी आपल्या ताकदीचा अभिमानही असेल. आतून हाक आली, "अनिता ज्ञानेश्वर!" तशी ती उठली आणि पदर खोचून आत गेली. नमी तिच्या मागे.

"अनिता का?" आतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

"हां," गिरजा म्हणाली.

नमी तोंड उघडणार तोच तिच्या दंडाला चिमटा बसला.

बाईंनी गिरजाच्या दंडाला रबरी नळी बांधली, सुई लावली. नमीने डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून पाहिलं.

"घाबरू नको गं. ये, इकडे ये, तुला गंमत दाखवते," बाई म्हणाल्या. पोरं दिसली की शिकवल्याशिवाय न राहणारी माणसं असतात ना, त्यातल्या त्या होत्या. एका बारीक काचेच्या नळीत त्यांनी थोडं औषध घेतलं, त्यात रक्त सोडलं. रक्त तांबूस तपकिरी झालं, कोऱ्या चहासारखं.

"आता यात थेंब थेंब पाणी घालायचं. या शेजारच्या काचेचा रंग आहे ना, त्याच्याशी जुळेपर्यंत. रक्त चांगलं असलं की भरपूर पाणी लागतं. तू बघ, जुळलं की सांग."

नमीने नाक काचेला लावलं. थोडे थेंब पडले. आणखी थोडे.

"जुळलं!" ती ओरडली. आपला पहिला नंबर आला असं तिला वाटलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, रेघ वाचली, आणि गिरजाकडे नीट पाहिलं. "सहा. बाराच्या वर पाहिजे. निम्मंच आहे तुमचं. दम लागतो का?"

"नाय."

"चढावर? ओझं उचलल्यावर?"

गिरजा सुई टोचलेली जागा चोळू लागली.

"छातीत धडधडतं? पाळीला जास्त जातं? शेतात पायात काही घालता का?"

"चिखलात काय घालायचं बाई?"

बाईंनी पुढे होऊन अंगठ्याने गिरजाची खालची पापणी हळूच खाली ओढली. "ए मुली, बघ इथे. कातडीचा रंग फसवतो. काळ्या माणसाचं रक्त गेलेलं दिसत नाही, आणि गोऱ्याला उगीच आजारी म्हणतात. पण ही आतली बाजू फसवत नाही. लाल पाहिजे ही, कुंकवासारखी. कशी आहे?"

नमीने पाहिलं. "पेजेसारखी," ती म्हणाली.

"शहाणी आहेस. पेजेसारखीच."

मग काचेच्या पट्टीवर पसरलेला एक थेंब रंगवून, वाळवून बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि नमीला स्टुलावर उभं केलं. एका डोळ्याने पाहायला तिला वेळ लागला. मग दिसलं. फिकट, लहान लहान गोल, आणि प्रत्येकाचा मधला भाग पांढरा, मोकळा.

"बांगड्या!"

"बांगड्या नसाव्यात त्या. चांगल्या भरलेल्या असायला हव्यात. त्यांना भरायला लोखंड लागतं, ते नाही इथे."

"खिळ्यातलं लोखंड?"

"तेच. पण खिळे खायचे नाहीत हं." बाई आता रंगात आल्या होत्या. "तुम्ही जीपने आलात ना? समज, रक्तातली प्रत्येक पेशी म्हणजे एक जीप. आपण श्वास घेतो ती हवा म्हणजे माणसं. लोखंड म्हणजे जीपमधल्या सीटा. सीटाच काढून टाकल्या तर किती माणसं बसतील?"

"एक-दोन. लोंबकळून."

"मग सगळी माणसं पोचवायची तर जीपला काय करावं लागेल?"

"लय फेऱ्या."

"तसं या बाईंचं हृदय फेऱ्या मारतंय. दिवस नाही, रात्र नाही. जीप अशी किती वर्षं चालेल?"

नमीला जीप माहीत होती. सरळगावच्या चढावर मागे धूर सोडत बंद पडलेली तिने पाहिली होती.

बाई लिहू लागल्या. "लोखंडाचा साठा किती उरलाय ते बघायला थोडं रक्त कल्याणला पाठवते. अनवाणी पायांतून जंत शिरतात, ते आहेत का तेही बघायला हवं. गोळ्या लिहून देते, काही महिने सोडायच्या नाहीत. शौचाला काळं होईल, घाबरू नका. जेवणावर चहा बंद. हिरव्या पालेभाज्या, नाचणी, लिंबू पिळून. खाणारे असाल तर कलेजी. आणि गरम गरम खायचं, सगळ्यांबरोबर बसून. उरलंसुरलं नाही." लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "एक सांगा, भलतंसलतं काही खावंसं वाटतं का? माती, कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल? लोखंड कमी झालं की असं होतं पुष्कळ जणींना. लाजायचं काही नाही त्यात."

गिरजाने मान खाली घातली. तिचा हात नकळत पदराच्या गाठीवर गेला. गाठ टणक होती, तिच्यात बारीक तुकडे वाजले.

नमीने त्या गाठीकडे पाहिलं, मग आईकडे. घरात उंदीर नव्हता. कधीच नव्हता.

पडद्याआड येताच गिरजाने नमीला भिंतीशी ओढलं, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर दाबून धरला. "बोल, आईच्या गळ्याची आन. इथं काय झालं ते तोंडातून काढणार नाय."

"पन आये, तुझं रगत..."

"बोल आधी!"

"आन," नमी म्हणाली. तिच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, आईच्या गळ्याची आन मोडली की आई मरते.

अनिताचा चेहरा आता खरोखरच उतरला होता. "आक्का, मी सांगते बाहेर. मी बोलले म्हनून तुमी बसलात."

"गप बस. आबांनी शब्द दिलाय. सुनांनी मिळून पावण्याला फसवलं असं झालं तर म्हातारा मान वर करंल का पुन्हा? तू जा आटगावला. चार घास खा. मी आबांना सांगून दोन महिन्यांत बोलावते."

"आन तुमचं?"

"मला काय झालंय? धडधाकट हाय मी. मशिनच बिघडलं असंल."

मशिन नव्हतंच. काचेची नळी होती, आणि रंग नमीनेच जुळवला होता. पण ती आन घेऊन बसली होती.

बाहेर धर्माने कागद उलगडला. "सहा," तो म्हणाला. मोठ्याने, आनंदाने नाही, पण जिंकल्यासारखा. ज्ञानेश्वरने कागद घेतला, पुन्हा पुन्हा वाचला. औषधाच्या दुकानात जाऊन त्याने गोळ्या घेतल्या आणि त्या अनिताच्या ओंजळीत ठेवल्या. "चुकलं माझं," तो एवढंच म्हणाला. अनिता ढसढसा रडली. ती का रडते आहे ते दोन्ही पुरुषांना कळलं नाही आणि गिरजाला नि नमीला कळलं.

परतताना नमी काकीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्यासारखी पडली. मग हळूच हात वर नेऊन तिने काकीची पापणी खाली ओढली.

"काय करतीस गो?"

नमी उत्तर न देता पाहत राहिली. आत लाल होतं. कुंकवासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मा जीप घेऊन आला. आबा म्हणाले, "आमचं चुकलं, ते मी बोललो, गावाला ऐकू जाईल असं पुन्हा बोलीन. पन सून या घरातून उपाशी जानार नाय." खळ्यावरच पंगत मांडली. उडवीच्या सावलीत पुरुषांची पानं, आणि आबांच्या उजव्या हाताला, पुरुषांच्या ओळीत, अनिताचं पान. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. ज्ञानेश्वरने पहाटे टोकावड्याहून कलेजी आणली होती. गिरजाने ती परतून, वाडग्यात काढून, अनिताच्या पुढे ठेवली आणि भात वाढायला वळली. वाढताना ती उडवीच्या बांबूला हात लावून थांबत होती. कोणी पाहत नव्हतं. नमी पाहत होती.

"खा पोरी," आबा म्हणाले.

अनिताचा हात ताटाकडे जाईना.

"सवय नसंल," धर्मा म्हणाला. "आधी कधी पुढ्यात आली असंल तेव्हा ना."

ज्ञानेश्वरने घास ठेवला. "दाजी म्हनता मला आन तोंडावर असं बोलता?"

"मी नाय, रक्त बोलतंय."

"ज्ञाना, बसू दे त्याला," धाऊ म्हणाला. तो कालपासून धुमसत होता. "बोलू दे. मी पन बोलतो. तीन वर्षांत तुझ्या बायकोनं एक भारा उचलला नाय, आन बोल मात्र माझ्या चुलीला लागला. कोनाच्या हातचं जेवती ती? माझ्या बायकोच्या! मग उपाशी ठेवलं कोनी, तिनं?"

"तसं कोन बोललं?"

"तसंच झालं ना! चूल वेगळी करा तुमी. उद्याच करा."

"करू! आजच करू!"

"धाऊ," आबा म्हणाले, पण या वेळी हात वर गेला तरी घर शांत झालं नाही. ज्ञानेश्वर उठून उभा राहिला. मघाशी धर्माच्या विरुद्ध एकत्र बसलेले दोन भाऊ आता समोरासमोर होते, आणि धर्मा चक्क ज्ञानेश्वरचा हात धरून त्याला खाली बसवत होता.

धाऊ मागे वळला, गिरजाकडे बोट केलं. "ही बघा! नमी जन्मली त्याच्या आठव्या दिवशी लावणीला उतरली. कधी डोकं दुखलं म्हनाली नाय, कधी बसली नाय. रक्त म्हनतात ते हे असं पायजे. घ्या, हिचं तपासा!"

गिरजाच्या हातातली भाताची परात हलली. ती खाली ठेवायला ती वाकली आणि वाकली ती बसलीच, पेंढ्यावर, पाय पसरून. छाती वरखाली होत होती. "काय नाय," ती घाईने म्हणाली. "ऊन हाय."

आईच्या छातीतल्या जीपला किती फेऱ्या माराव्या लागतात, ते नमीने मोजलं नाही. ती उठली.

ती पंगतीतून चालत गेली. ओवळ्याने ओळ ओलांडू नये हे तिला ठाऊक होतं, तरी गेली. काकीच्या पानापुढून कलेजीचा वाडगा तिने दोन्ही हातांनी उचलला. अनिताने तो उचलू दिला, जणू तीही वाटच पाहत होती. नमी परत आली आणि वाडगा आईच्या मांडीवर ठेवला.

"नमे!" धाऊ गरजला. "ते काकीचं हाय!"

"आईवरची माया," धर्मा ओशाळून हसला. "असू द्या, पोर हाय."

"नमे, ठेव तिकडं," गिरजा कुजबुजली. तिच्या डोळ्यांत भीती होती. "आठवतं ना काय बोललीस?"

नमीने मान डोलावली. आठवत होतं. ओठ तिने आत ओढून दातांखाली घट्ट धरले होते.

आबा पानावरून उठले. हात न धुता तसेच जवळ आले, नातीपुढे उकिडवे बसले. "काय झालं बाय? मला सांग."

नमीने डोळे मिटले, उघडले. तोंड उघडलं नाही. गळ्याची आन तोंडाला होती. हातांचं कोणी काही बोललं नव्हतं.

ती पुन्हा पंगतीकडे धावली, अनिताला मनगट धरून ओढत आणली आणि आईच्या शेजारी बसवली. दोघींच्या चेहऱ्यांवर सरळ ऊन येईल अशी. मग काकीची खालची पापणी तिने बोटाने ओढली आणि आबांकडे पाहिलं. आबांनी वाकून पाहिलं, आत कुंकवासारखं लाल होतं. त्यांच्या मागे धाऊ आला, धर्मा आला, ज्ञानेश्वर आला.

मग ती आईकडे वळली. गिरजाने मान फिरवली, तेव्हा तिने ती दोन्ही तळव्यांत धरून परत उन्हाकडे आणली, आणि मुरबाडला शिकवलं होतं तसा अंगठा हळूच टेकवून आईची पापणी खाली ओढून धरली. आत पेजेसारखं पांढरं होतं. आबांनी पाहिलं तरी सोडली नाही. बापाने पाहिलं तरी सोडली नाही. सगळ्यांनी नीट पाहीपर्यंत ती तशीच उभी राहिली, ओठ घट्ट मिटून.